लाल गाडीवरचं कुंकू

दसऱ्याच्या सकाळी मुणगेकर चाळीच्या तिन्ही मजल्यांचे कठडे माणसांनी भरून गेले होते आणि सगळ्यांच्या माना खाली वाकल्या होत्या. खाली अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, चंदू धुरीची लाल मारुती उभी होती. चाळीतली पहिली गाडी! रुग्णवाहिका सोडली तर त्या अंगणात आजवर चारचाकी कधी शिरली नव्हती. पिंपं हलवून, कपड्यांच्या दोऱ्या सोडून, अर्ध्या चाळीच्या सूचना ऐकत चंदूने ती काल संध्याकाळी आत आणली तेव्हा तो घामाने निथळत होता. आता तिच्या चार चाकांखाली चार लिंबं होती, पुढे झेंडूचा हार होता, आणि सगळे एकाच माणसाची वाट बघत होते. तो माणूस वर खोलीत आरशासमोर उभा राहून, गेली पंधरा मिनिटं, शर्टाचं वरचं बटण लावत होता.

धुरींच्या घरात आनंदही कधी सरळ आलेला नाही. गिरण्यांच्या संपाने या घराच्या दोन खोल्यांमध्ये भिंत उभी केली त्याला साडेपाच वर्षं झाली होती. एकाच गॅलरीत शेजारी शेजारी दारं, पण चंदूचा बाप धोंडू आणि त्याचा धाकटा भाऊ महादेव एकमेकांशी चकार शब्द बोलत नव्हते. दोघांच्या बायकांनी मात्र हा अबोला पहिल्या दिवसापासून मोडीत काढला होता. कालवणाची वाटी या दारातून त्या दारात जायची, आणि पुरुषांना वाटायचं, आपलं भांडण किती कडक चाललंय.

"अहो, झाला का?" राधाबाईने दारातून विचारलं.

"येतंय," धोंडू म्हणाला. बटण अजून काजात जात नव्हतं.

राधाबाई आत आली, तिने बटण लावलं आणि कॉलर सारखी केली. तिला माहीत होतं. गणपतीपासून माहीत होतं. चहा ओतताना धार कपाच्या बाहेर गेली होती, आणि धोंडूने ती बशी झटकन स्वतःकडे ओढली होती. त्यानंतर तिने बघायला सुरुवात केली. जिना उतरताना तो कठडा सोडत नव्हता. पेपर हातात धरून बसायचा, पान उलटायला विसरायचा. एकदा परळच्या इस्पितळात जाऊन आला आणि 'मिलवर भिवाकडे गेल्लंय' म्हणाला. ती थांबली होती. नवऱ्याने आपल्या तोंडाने सांगावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि चंदूला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने काल पेढ्यांच्या खोक्यात गाडीची चावी घालून ती बापाच्या हातात दिली होती आणि सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "पहिली फेरी तुम्ही मारायची, बाबा. आई तुमच्या शेजारी."

पोराने हे का ठरवलं, तेही तिला कळत होतं. धोंडूने अठ्ठावीस वर्षं हीरजी मिलच्या शेठची पॅकार्ड चालवली. साय असते ना, त्या रंगाची, आठ सिलेंडरची, मागे सात माणसं ऐसपैस बसतील अशी गाडी, आणि ड्रायव्हर आणि शेठ यांच्यामध्ये सरकती काच. त्या गाडीत धुरींच्या घरचं माणूस एकदाही बसलं नाही. "मालकाची गाडी ती मालकाची," असं धोंडू म्हणायचा. चंदूच्या वेळी राधाबाईला कळा सुरू झाल्या तेव्हा पॅकार्ड गल्लीच्या तोंडाशी रिकामी उभी होती, शेठ मिलमध्ये मीटिंगला होता, आणि धोंडू टॅक्सी शोधायला नाक्यावर धावत गेला होता. ती काही बोलली नाही. विसरलीही नाही.

त्या बदल्यात तिला मिळायचा तो रस्ता. जेवायला बसला की धोंडू सांगायचा, आज कुठून कुठे गेलो. सातरस्ता, मग महालक्ष्मीचा पूल, मग रेसकोर्सची भिंत. भात वाढता वाढता राधाबाई विचारायची, "मगे?" मग भिंत संपते आणि समोर समुद्र येतो. "मगे?" मग डावीकडे वळून पेडर रोड, तिथे एका बंगल्याच्या भिंतीवरून बोगनवेल बाहेर आलीय. तो रस्ता तिने बसमधून पाहिला होता, पण बसमधून दिसतात ते लोकांचे खांदे. तिचा खरा रस्ता नवऱ्याच्या तोंडचा.

"चला," ती म्हणाली, आणि जिन्यात त्याच्या पुढे एक पायरी राहून उतरली.

*

महादेव वरच्या गॅलरीत उभा होता. खाली यायचं नाही असं त्याने ठरवलं होतं, पण आत बसायचं असंही ठरवलं नव्हतं. शेजारी त्याची बायको शेवंती नवं लुगडं नेसून उभी होती.

"खाली जावचा नसात तर जावा नको," ती म्हणाली, "पण मान अशी लांब करू नका, पडशात."

"मी गाडी बघतंय. चंदूची असा ती. माझ्या पुतण्याची."

"बघा हां. गाडीच बघा."

खाली धोंडूने गाडीभोवती एक फेरी मारली. हात गाडीवरून फिरवत, पुढून मागे, मागून पुढे. लोक कौतुकाने बघत होते, जुना ड्रायव्हर गाडी कशी हाताने ओळखतो ते. राधाबाईने ताट पुढे केलं. एका वाटीत हळद होती, एका वाटीत कुंकू. धोंडूने बोट कुंकवात बुडवलं आणि लाल बॉनेटवर लाल स्वस्तिक काढायला सुरुवात केली.

आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरची नलू ओरडली, "ओ धुरीकाका, लालवर लाल कसं दिसणार? हळद घ्या हळद!"

चाळ हसली. चंदूही हसला. "बाबा, हात अजून पॅकार्डवरच आहे तुमचा! ती पांढरी होती."

"हां, हां, सवय," धोंडू म्हणाला, आणि त्यानेही हसून दाखवलं. पण त्याने हळद घेतली नाही. त्याने स्वस्तिक पूर्ण केलं, चारही कोपऱ्यांत ठिपके दिले, आणि हात पुसला. दिसत काहीच नव्हतं.

महादेव हसला नाही. त्याला आठवला तो लालबाग नाक्यावरून येणाऱ्या गाडीचा नंबर वाचून दाखवणारा दादा. मिलमध्ये खंडेनवमीला महादेवच्या खात्यातल्या मागांवर हार चढायचे, आणि त्या गडबडीतही दादा लांबून सांगायचा, तिसऱ्या मागावरचा हार वाकडा आहे. त्या माणसाला आपल्या बोटाखालचा रंग कळत नाही? सवय असली तरी माणूस बघून थांबतो. हा थांबला नव्हता. लोक हसले तेव्हा त्याने बॉनेटकडे बघितलंसुद्धा नाही, बघितलं ते आवाजाच्या दिशेने.

"अगो," महादेव हळूच म्हणाला, "दादाच्या डोळ्यांका काय झाला?"

 शेवंतीला राधाबाईने शपथ घातली होती, आणि नवऱ्याला खोटं सांगण्यापेक्षा तिने पदर तोंडाला लावणं पसंत केलं. महादेवला तेवढं पुरलं.

*

"बसा बाबा," चंदूने ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. "आई, तू इकडून."

चंदू एका औषध कंपनीत विक्री प्रतिनिधी होता. दिवसभर बॅग घेऊन दवाखान्यांच्या बाकांवर बसायचा आणि डॉक्टरांच्या गाड्या बाहेर ओळीने लागलेल्या बघायचा. ही गाडी त्याने चार वर्षांपूर्वी नोंदवली होती, तीही बापाच्या नावाने. नंबर लागल्याचं पत्र आलं तेव्हा त्यावर 'श्री. धोंडू सखाराम धुरी' असं छापलेलं होतं, आणि ते वाचून तो ऑफिसच्या जिन्यात रडला होता. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

धोंडू आत बसला. त्याचा हात सवयीने स्टिअरिंगच्या मागे गेला, पॅकार्डचा गिअर तिथे असायचा. तिथे काही नव्हतं. मग त्याने मांडीशेजारी चाचपून गिअर शोधला. समोर काचेतून त्याला अंगण दिसत होतं, म्हणजे मधला एक तुकडा दिसत होता, पितळी डब्याच्या झाकणाएवढा. त्याच्या बाजूला सगळा धूर. त्या धुरात पोरं होती, त्यांचे आवाज येत होते. कोणाचं पोर कुठे उभं आहे ते त्याला दिसत नव्हतं.

त्याने चावी लावली नाही. खाली उतरला.

"ही कसली गाडी रे?" तो मोठ्याने म्हणाला, सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. "गुडघे हनुवटीला लागतात. शेठच्या गाडीच्या डिकीत मावेल ही अख्खी. दार लावलं तर पत्र्याच्या डब्याचं झाकण लावल्यासारखा आवाज! पॅकार्डचं दार लावलं की नुसतं 'दप्' व्हायचं, आत बसलेल्याला बाहेरचं जग ऐकू यायचं नाही. त्याला गाडी म्हणतात. हिच्यात मी बसणार नाही."

अंगणातलं हसू थांबलं. चंदूच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"बाबा, आज असं बोलायचं?"

"खरं ते बोललो. आठ सिलेंडर चालवणाऱ्या माणसाला तीन सिलेंडरवर बसवतोस!"

"पण ती गाडी तुमची नव्हती!" चंदूचा आवाज फाटला. "अठ्ठावीस वर्षं पुसलीत तुम्ही ती, आणि संपानंतर शेठने तुम्हाला साधा निरोपसुद्धा दिला नाही. आई एकदा तरी बसली का तिच्यात? मी बसलो? ही लहान आहे, डबडं आहे, पण कागदावर नाव तुमचं आहे, बाबा. तुमचं!"

 धोंडूने हात पुढे करून टाकीचा कठडा शोधला, तिथून भिंत, भिंतीवरून चाळीचं फाटक, आणि तो बाहेर पडला. चावी त्याच्या खिशात होती.

"जाऊ दे त्यांना," चंदू डोळे पुसत म्हणाला. "दुसरी चावी आणतो वरून. चल आई, मी नेतो तुला."

"मी नाय येणार," राधाबाई म्हणाली.

"आई, त्यांनी माझा अपमान केला आणि तू त्यांची बाजू घेतेस?"

"हे नसतील त्या गाडीत मी बसायची नाय. बस झाला." तिने ताट गाडीच्या टपावर ठेवलं आणि मान वर केली. साडेपाच वर्षांत तिने दिराला घरच्या भांडणात कधी ओढलं नव्हतं. आज सगळ्या चाळीसमोर तिने हाक मारली. "भावजी! ते मिलमध्ये गेलेत. दर दसऱ्याक जातात. तुम्ही जावा."

महादेव जिन्याच्या तीन तीन पायऱ्या सोडून खाली आला. चंदू वर जायला वळला होता, त्याला त्याने खांद्याला धरून टाकीच्या कट्ट्यावर बसवलं. "थय बस. दुसरी चावी बिवी काय नको. आम्ही येईसर गाडी हलता कामा नये."

*

हीरजी मिलचं मोठं गेट साखळदंडाने बंद होतं. संपाच्या पहिल्या दिवशी महादेव या गेटातून बाहेर पडला आणि बोलून गेला होता, या गेटला तोरण लागेल, मिल सुरू होईल, तेव्हाच परत पाऊल टाकीन. गेटला तोरण लागलंच नाही. मिल कायमची गेली. शेठचे मुलगे कोर्टात भांडत बसले, म्हणून आतलं सामान आणि ती गाडी होती तिथेच राहिली, आणि त्यांच्यावर पहारा करायला भिवा तेवढा उरला.

पण आज गेटातल्या लहान दरवाजावर, भिवाने, आंब्याची पाच पानं आणि तीन झेंडू दोऱ्यात ओवून टांगले होते. महादेव त्याच्यासमोर उभा राहिला.

"ह्या काय रे, भिवा?"

"दसरो ना," भिवा म्हणाला. "बंद असली तरी मिल ती मिल. दरवर्षी बांधतंय. तू येनंस नाय, तुका कसा कळतला?"

महादेवने त्या पाच पानांकडे बघितलं. तोरण ते तोरण. त्याने ते किती मोठं असावं हे काही सांगितलं नव्हतं. त्याने चपला काढल्या आणि उजवं पाऊल आत टाकलं.

गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं. पॅकार्ड चारही चाकं बसलेल्या अवस्थेत उभी होती, टायर सपाट झाले होते, पण अंग पुसून लख्ख केलेलं होतं आणि बॉनेटवर ताजं कुंकवाचं स्वस्तिक होतं. पहाटेच येऊन गेला होता तर! पुढच्या सीटवर धोंडू बसला होता. डोळे मिटून. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

महादेवने दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि आत बसला. दार लावलं. खरंच, नुसतं 'दप्' झालं आणि बाहेरचं सगळं बंद पडलं.

"कोण? भिवा?"

"मी."

धोंडूने मान वळवली नाही.  मग महादेव म्हणाला, "तुका दिसणा नाय, दादा."

"तुका कोणी सांगल्यान?"

"कुंकवान."

धोंडूचे हात स्टिअरिंगवरून सुटले. त्याने पुढच्या कप्प्याची खीळ बोटांनी बरोबर शोधली, कप्पा उघडला आणि इस्पितळाचा घडी घातलेला कागद भावाकडे दिला. घरात लपवायला जागा नव्हती, म्हणून त्याने तो इथे आणून ठेवला होता. महादेवने वाचला. काचबिंदू. उरलंय तेवढं जपायला थेंब आहेत, गेलेलं परत येणार नाही.

"हय बसलंय की माका सगळा दिसता," धोंडू म्हणाला. "ह्यो दिवो, ह्यो गिअर, ह्यो ब्रेक. हात लावचो पण लागणा नाय. त्या गाडीत माका कायच गावला नाय, म्हादू. पोरां खय उभी हत ता दिसला नाय. पोराक वायट बोललंय. त्यान माझ्या नावान गाडी घेतल्यान आणि मी तिका डबडा म्हटलंय."

तो रडायला लागला. थोरला भाऊ रडताना महादेवने पहिल्यांदाच पाहिला. बाप गेला तेव्हाही तो रडला नव्हता. काय करावं ते न सुचून त्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि मग मनात साडेपाच वर्षं सडत पडलेली गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर आली.

"संपातल्या त्या दिवशी गेटार... तू माझ्यार हॉर्न मारलंस."

"मारलंय."

"मी पुढे उभो होतंय. तुका दिसत होतंय मी. तेव्हा तुझे डोळे चांगले होते."

"दिसत होतंस म्हणानच मारलंय," धोंडू म्हणाला. "मागे शेठ काचेर आंगठी मारीत होतो, टक टक, चला म्हणान. त्येच्या मागे पोलिसांची गाडी. त्यांच्या हातात काठये. मी थांबलंय असतंय तर ते उतरले असते, आणि पुढे तू होतंस. तू बाजूक होतलंस म्हणान मी हॉर्न मारलंय. हात दाबून धरलंय. तू माझ्याकडे बघलंस, ता माका अजून दिसता. बाकीचा सगळा गेला, ताच तेवढा दिसता."

 साडेपाच वर्षं महादेवने तो हॉर्न कानात वागवला होता.

"मग सांगलंस कित्याक नाय?"

"तू इचारलंस खय?"

"अरे देवा!" महादेवने कपाळावर हात मारून घेतला. "दोन दारां, एक गॅलरी, आणि साडेपाच वर्सां! कसली माणसां रे आपण?"

दोघेही हसले, आणि हसता हसता महादेवचेही डोळे वाहायला लागले. त्याने खिशात हात घातला. सकाळी शेवंतीने त्याच्या खिशात आपट्याची पानं कोंबली होती, वाटेत कोणी भेटलं तर असावीत म्हणून. त्याने एक पान भावाच्या तळहातावर ठेवलं आणि त्या अडचणीच्या जागेतच वाकून त्याच्या पायांना हात लावला.

"सोना घे, दादा. पाच दसऱ्यांचा रवला हा."

धोंडूने पान मुठीत धरलं. "घरात कोणाक सांगू नको," तो म्हणाला. "तुझ्या वयनीक म्हायत नाय."

"तुका काय वाटता," महादेव म्हणाला, "तुका वाढून मगे जेवणाऱ्या बायलेक कळणा नाय? ती थांबलेली असा, दादा, तू कधी बोलतंस म्हणान. चल. ऊठ."

धोंडूने एकदा स्टिअरिंगवरून हात फिरवला, सगळा गोल. मग उतरला आणि दार लावून घेतलं.

*

दोघे भाऊ एकमेकांचा हात धरून चाळीच्या फाटकातून आत आले तेव्हा तिन्ही मजले एका क्षणात गप्प झाले. शेवंती धावत खाली आली आणि राधाबाईच्या शेजारी उभी राहिली. चंदू टाकीच्या कट्ट्यावर मान खाली घालून बसला होता.

धोंडू त्याच्यासमोर उभा राहिला आणि खिशातून चावी काढून पुढे केली. हात चंदूच्या थोडा डावीकडे गेला.

"ही घे," तो म्हणाला. "माझ्याने चालवणार नाही. गाडी वाईट नाही, माझे डोळे गेलेत. सकाळी जे बोललो ते लाज वाटली म्हणून बोललो. तू मनात ठेवू नको."

चंदू उठला. त्याने चावीकडे बघितलं, बापाच्या हाताकडे बघितलं, आणि मग त्याला एकेक गोष्ट उलगडत गेली, ते बटण, तो कठडा, ते कुंकू. "बाबा," एवढंच म्हणून त्याने बापाला घट्ट मिठी मारली. चाळीत असं कोणी करत नाही, म्हणून धोंडू क्षणभर अवघडून उभा राहिला. मग त्याचा हात पोराच्या पाठीवर गेला.

"रडा नको," राधाबाई म्हणाली, आणि ती स्वतःच रडत होती. "माका गणपतीपासून म्हायत होता."

"मग बोलली नाहीस ती?" धोंडूने विचारलं.

"तुम्ही सांगतलास म्हणान थांबलंय." तिने नाक पुसलं. "तुमच्याच घरात नांदतंय मा, माकाय थोडो हट्ट इलो."

महादेव तेवढ्यात गाडीपुढे गेला होता. ऊन आता तिरपं येत होतं आणि वाकून बघितलं तर लाल रंगावर कुंकवाचे कण किंचित वेगळे दिसत होते. त्याने टपावरच्या ताटातून हळदीची वाटी घेतली आणि दादाने काढलेल्या रेघांवरूनच बोट फिरवायला सुरुवात केली, एक रेघही इकडची तिकडे न करता. पिवळं स्वस्तिक हळूहळू वर आलं. ते अगदी सरळ होतं. चारही बाजू सारख्या.

"दादा," तो म्हणाला, "डोळ्यांचा काय ता आसू दे, हात अजून शाबूत असा तुझो."

चंदू ड्रायव्हरच्या जागी बसला. महादेव पुढे, त्याच्या शेजारी. शेवंतीला आधी मागे आत सरकवलं. राधाबाई दाराशी गेली तर धोंडूने तिला थांबवलं. त्याने चाचपून दाराची कडी शोधली, दार पूर्ण उघडलं, आणि एक पाऊल मागे होऊन, पाठ ताठ करून उभा राहिला. अठ्ठावीस वर्षं शेठच्या घरच्या बायकांसाठी तो असाच उभा राहिला होता.

"बस," तो म्हणाला.

राधाबाईने इकडेतिकडे बघितलं, लाजली, पदर सावरला आणि बसली. मग तो स्वतः तिच्या शेजारी बसला, आयुष्यात पहिल्यांदा गाडीच्या मागच्या सीटवर. तिघांचे गुडघे पुढच्या सीटला टेकले. चार लिंबं चाकांखाली फुटली आणि चाळीने टाळ्या वाजवल्या.

"अडचण होता?" शेवंतीने विचारलं.

"होता," धोंडू म्हणाला. "पण मधी काच नाय. सगळ्यांचो आवाज येता."

मिलचं गेट आलं तसा चंदूने वेग कमी केला. त्या गेटाची गोष्ट त्याला ठाऊक होती. तो घाईने पुढे काढायला बघत होता, तेवढ्यात महादेव म्हणाला, "चंदू, हॉर्न मार."

"काका..."

"मार रे. दाबून धर."

मारुतीचा बारीक हॉर्न गेटसमोर वाजत राहिला. भिवा दारातून धावत बाहेर आला आणि दोन्ही भावांना एका गाडीत बघून तसाच उभा राहिला. मागच्या सीटवर धोंडूने पुढे वाकून भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्याने सातरस्ता येईपर्यंत काढला नाही.

मग तो मागे टेकला. काचेच्या बाहेर सगळा धूर होता आणि त्यातून उजेडाचे पट्टे जात होते. मधल्या झाकणाएवढ्या जागेतून एक खांब गेला, एक माणूस गेला. त्याने राधाबाईचा हात शोधला.

"खय इलो?"

"महालक्ष्मीचो पूल चढतो," राधाबाई म्हणाली. ती पुढच्या दोन सीटांच्या मधून वाकून बाहेर बघत होती. "डाव्या बाजूक धोबीघाट. सगळीकडे पांढऱ्यो चादरी वाळत घातल्यात. आता उतरलो. ही भिंत इली तुमची, रेसकोर्साची. तुम्ही सांगायचात त्येच्यापेक्षा लांब असा हां, खोटारडे."

"मगे?"

"मगे... अजून भिंत. अजून भिंत. एक झाड इला, पिवळी फुलां." तिचा आवाज एकदम थांबला. "संपली. समुद्र इलो. अगो बाय, केवढो समुद्र! भरती असा. उन्हान नुसतो चमकता."

गाडी डावीकडे वळली. धोंडूने डोळे मिटून घेतले आणि तिचा हात आणखी घट्ट धरला.

"मगे?" त्याने विचारलं.

आणि राधाबाई सांगत राहिली.